शकूआत्याने न खरवडलेला चिखल

आमच्या शकूआत्याच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते, असं माझे वडील म्हणायचे. ते फारसं खोटं नव्हतं. वसईच्या खाडीकाठी तिचं कोलंबीचं तळं आहे. दरवर्षी पिल्लं सोडण्याआधी ती तळं उपसायची, तळाचा काळा चिखल खरवडून फेकायची आणि वर चुना पसरायची. तिच्या सासूचीही तीच रीत. काका गेल्यापासून या तळ्यावरच तिचं घर चालतं.

गेल्या वर्षी भरतीबरोबर तळ्यात डिझेल शिरलं. खाडीत ते कोणी ओतलं, शेवटपर्यंत कळलं नाही. पाण्यावर तवंग, चिखलाला उग्र वास, सगळी कोलंबी मेलेली. आत्याचा फोन आला, "विने, तळं नासलं. उद्या मानसं लावून खरवडते."

मी विरारच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तशीच स्कूटर काढून गेले आणि म्हटलं, "चिखल फेकू नकोस, चुनाही नको. त्यातले जंतू तेल खातात. त्यांना हवा लागते, म्हणून दाताळ्याने चिखल उलथत राहा. त्यांच्या वाढीसाठी थोडं खत टाक आणि थांब."

"जंतू घान काढनार?" आत्या म्हणाली. "शिकून शिकून तुझं डोकं फिरलंय. आनि हंगाम गेला तर खाऊ काय?"

वर्गात फळ्यावर सगळं जमतं. इथे तळं आत्याचं होतं. मी मनातून घाबरले होते. तरी तिने ऐकलं. नाक पदराने बांधून, मला शिव्या घालत ती रोज चिखल उलथू लागली.

काही आठवड्यांनी मी मायक्रोस्कोप तिच्या ओटीवर नेला आणि चिखलाचा थेंब दाखवला. आत्याने भिंगाला डोळा लावला, तो काढेचना.

"एका थेंबात एवढे?" तिने विचारलं. "यांना कोनी बोलावलं?"

"कोणी नाही. खाडीत थोडे असतातच. तेल आलं तसे वाढले, ते संपलं की कमी होतील."

इतकी वर्षं मी हेच शिकवते. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. कोणी हुकूम दिला नव्हता, कोणाला दिसत नव्हते, आणि आमच्या पायाखाली कोट्यवधी जीव माणसाने ओतलेलं विष खात होते.

हळूहळू तवंग गेला. मग वास गेला. तपासणीतही चिखल स्वच्छ निघाला, तरी आत्याला धीर होईना. तिने आधी मूठभर पिल्लं जाळीत घालून तळ्यात ठेवली. सकाळी जाळी उचलली, तर सगळी टणाटण उडत होती.

आत्या बांधावरच बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने रडतेय. पण ती चिखलाकडे बघत म्हणाली, "विने, आजवर मी घान म्हनून काय काय फेकून दिलं असंल गं."