नाडीमिस्त्री आणि थंडी वाजणारी गाडी

आमचे नाडीमिस्त्री गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसत. इंजिन चालू ठेवायला सांगायचे, स्टूल ओढून समोर बसायचे आणि नाडी बघावी तसा बॉनेटवर एक तळहात टेकून सावकाश कोरा चहा प्यायचे. चहा संपेपर्यंत मालकाने तोंड उघडायचं नाही. "धावताना काय, सगळ्याच शाण्या," ते म्हणायचे, "गप उभी असताना कशी वागते, त्याच्यावर घराणं कळतं." हीच फूटपट्टी ते माणसांनाही लावत. मला सांगून आलेलं एक स्थळ त्यांनी 'मुलगा बसल्या जागी पाय हलवतो' म्हणून नापास केलं आणि आईने ते मानलंसुद्धा.

'माहीत नाही' हे शब्द मात्र त्यांच्या कोशात नव्हते. गाडी कुठलीही असो, "बगूया, काय म्हणते ती," एवढंच. गॅरेज म्हणजे झावळ्यांचा एक मांडव, आणि त्यात ते नि त्यांच्याच हाताखाली तयार झालेला पंचविशीतला मुलगा सुभाष. सुभाष त्यांचा एकुलता एक.

त्यांची खरी परीक्षा आमच्या दादाने घेतली. दुबईला आठ वर्षं काढून, होती नव्हती ती पुंजी जकातीत घालून त्याने एक जुनी जपानी गाडी आणली. गणपतीपुळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायचं आणि पुन्हा म्हणून दुबईला जायचं नाही, असा त्याचा बेत. पण गाडी उभी केली की हिवताप आल्यासारखी थडथड उडायची, काळा धूर सोडायची आणि बंद पडायची. दादाची रजा दोन महिन्यांची. "गाडी सुधारली तर राहतो, नाहीतर परत जातो," त्याने सांगून टाकलं. त्या दिवसापासून आई रोज गॅरेजवर घावणे पाठवू लागली. मिस्त्रींचं पोट भरलं की इंजिन ताळ्यावर येईल, असं तिचं यंत्रशास्त्र होतं.

मिस्त्रींनी चहा संपवून बॉनेट उघडलं, तर आत कार्बोरेटरच नाही. त्याच्या जागी नुसत्या वायरी. वीस दिवस त्यांनी त्या गाडीपुढे चहा ढोसला. प्लग बदलले, ते पुन्हा काजळले. दादा तिथेच बसून वेळ जावा म्हणून दुबईच्या गोष्टी सांगायचा, आणि गाडीखाली पाठीवर पडलेला सुभाष त्या ऐकायचा.

एकविसाव्या दिवशी मिस्त्रींनी निराळीच तऱ्हा काढली. इंजिन चालू ठेवून एकेक वायर उपटायची आणि परत लावायची. एक काढली, इंजिन कळवळलं. दुसरी काढली, बंदच पडलं. तिसरी होती पाण्याच्या नळीजवळच्या बोटभर पितळी सेन्सरची. ती काढली तर इंजिनाला पत्ताच नाही.

"ह्यो बगा चोर," मिस्त्री म्हणाले. "ह्याचं काम इंजिन तापलं की नाय ते सांगायचं. ह्यो मेलाय, म्हणून इंजिनाला वाटतंय कायम थंडीच हाय. पेट्रोल पितंय नुसतं. रत्नागिरीत, मे महिन्यात थंडी वाजते तिला."

नवा सेन्सर मुंबईतही मिळेना. तेव्हा मिस्त्री बाजारातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "मला ह्यातलं कायएक कळत नाय, तू सांग." हे वाक्य त्या गृहस्थाने पुढे वर्षभर गिऱ्हाइकांना चहाबरोबर ऐकवलं. दोघांनी मिळून सेन्सरच्या वायरींना रेडिओच्या आवाजाचं बटण जोडलं आणि ते दादाच्या हाताशी, डॅशबोर्डखाली बसवलं. सकाळी बटण एका टोकाला ठेवायचं, आणि गाडी तापेल तसं भाट्याच्या पुलापर्यंत हळूहळू दुसऱ्या टोकाला न्यायचं. इंजिन गरम झालं की नाही हे आता दादाच त्याला सांगणार. गाडी अशी शांत उभी राहू लागली की चालू आहे की बंद, ते वाकून बघावं लागे. पाहुणे विचारत, "रेडिओ लागत नाही का हो?" दादा म्हणायचा, "बिघडलाय."

दादा राहिला. आईने मिस्त्रींच्या हातात मानाचा नारळ ठेवला आणि रडली. दुबईच्या कंपनीने मात्र दादाच्या जागी माणूस मागितला. सुभाषने आधी दादाला विचारलं, मग बापाला. मिस्त्रींनी दोन दिवस गॅरेजमधली सगळी हत्यारं घासूनपुसून ठेवली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जा. हात चांगलाय तुझा."

त्याला मुंबईच्या विमानतळावर सोडायला दादाचीच गाडी ठरली. आदल्या दिवशी मिस्त्रींनी पट्टा, पाणी, प्लग, सगळं स्वतः तपासलं. निघताना गाडी दारात चालू उभी होती. सुभाषच्या आईने त्याच्या हातावर दही घातलं, त्याने वाकून नमस्कार केला. मिस्त्री दादाला एवढंच म्हणाले, "सावकाश ने."

गाडी वळणाआड गेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मिस्त्री, केवढी शांत उभी होती हो गाडी."

"होय," ते म्हणाले. "आज बंद पडली असती तरी चाललं असतं."

आमचा दादा उद्या संध्याकाळी परत येणार होता.