शोकसभेत टाळ्या वाजवणारा पुढारी

सकाळचे अकरा. वर्धा, आमच्या साप्ताहिकाचं ऑफिस. संपादक नितीन, वयानं माझ्या मुलाएवढा, लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "काका, तुमचं जुन्या अंकांतल्या गमतींचं सदर बंद करू. कोण वाचून राह्यलं ते?"

आयुष्यभर रद्दी विकली नाही, म्हणून माझ्या घरात असे किस्से साचलेत. मी चिडून म्हणालो, "महिनाभर थांब. कोणी विचारत आलं नाही, तर मीच बंद करतो."

पहिल्या आठवड्यात एका जुन्या मासिकातला गृहिणींना सल्ला छापला. तिरप्या काचेवर दुधाचा थेंब सोडा, मागे पांढरी रेघ उरली नाही तर दुधात पाणी आहे. तिसऱ्या दिवशी नालवाडीचा दूधवाला ऑफिसात हजर.

"काऊन छापलं जी हे? बाया आरसे घेऊन दारात उभ्या राहून राह्यल्या!"

नितीन म्हणाला, "हा वाचक नाई काका, पीडित आहे."

"पीडितानं वाचलं, म्हणूनच आला ना?"

पुढच्या अंकात एक जुनी निधनवार्ता घेतली. तेव्हाच्या बातमीदारानं नावाच्या घोळात जाम गावच्या एका धडधाकट हॉटेलवाल्याला मारून टाकलं होतं. ती छापली, तर हॉटेलवाला स्वतः चिवड्याचा पुडा घेऊन आला.

"भाऊ, तुमच्या लोकायनं मले दुसऱ्यांदा मारलं."

मी माफी मागायला उठलो. तो म्हणाला, "बसा जी. पह्यल्या बारीले व्याही आला नव्हता. आता रडत फोन केला त्यानं. असंच छापत राहजा."

नितीननं चिवडा खाल्ला.

मग मी शेवटचा डाव टाकला. पूर्वी फोटो छापायला धातूचा ठोकळा करावा लागे. तो महाग, म्हणून छापखाने सभेच्या एकाच फोटोवर वर्षानुवर्षं भागवत. मी तीन जुन्या बातम्या शेजारीशेजारी छापल्या: जामची सभा, कारंज्याची सभा आणि एका पुढाऱ्याची शोकसभा. तिन्हींत तीच गर्दी, तोच जांभई देणारा टोपीवाला. शोकसभेत तर दिवंगत पुढारी स्वतः पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवताहेत.

ऑफिसचा फोन दिवसभर खणखणत होता. कारंज्याहून एक जण म्हणाला, "तो टोपीवाला आमचा आबाजी होय." तासाभरानं जामहूनही तेच. संध्याकाळी नितीन माझ्या टेबलाशी आला. "काका, सदर आता अर्धं पान. फक्त ही मूळ सभा कुठली, तेवढं शोधा. पहिल्या पानावर घेतो."

शोधलं. तो फोटो पहिल्यांदा ज्या अंकात आला, तो अंक सापडला. गर्दी तीच, टोपीवाला जांभई देतोय, पुढारी टाळ्या वाजवताहेत. खाली बातमी आहे: वक्त्यांची गाडी वाटेत बंद पडल्यानं सभा झाली नाही. मैदानावर कोणीही आलं नव्हतं.