लॉकरातली देवी

ती केस आठवली की माझ्या कानात अजून घोरणं वाजतं. नोकरीत मी नाना तऱ्हेचे आरोपी पाहिले, पण पोलीस ठाण्याच्या भिंतीचा गिलावा खाली आणणारा माणूस एकच.

शिमग्याला पाच दिवस होते. महाड आणि दासगावच्या मधल्या एका वाडीची गावकी भरदुपारी ठाण्यात घुसली. मधे महाडच्या कारखान्यातला चाळिशीचा एक कामगार, बकोटीला धरलेला. पालखीत बसवायचा देवीचा चांदीचा मुखवटा याच्या घरच्या पेटीत असतो. तो मान याच्या घराण्याचा. सकाळी दहाला पेटी उघडली, तर आत पिशवी आणि पिशवीत जुना, मळका बॉयलर सूट!

"वजन भरायला चिंध्या कोंबल्यान् साहेब, नि आईला विकून खाल्लान्!" गावकीचे म्हातारे ओरडत होते.

मुखवटा उजळायला महाडच्या सोनाराकडे दिला होता. सोनार म्हणाला, काल दुपारीच याच्या हातात दिला. तेवढ्यात आमच्या हवालदारांना खबर आली. वीरच्या एका रिक्षावाल्याचा फोन होता: "हा आज सकाळी पिशवी घेऊन स्टेशनाला उतरला. मुंबईच्या गाडीकडे टक लावून बघत होता." झालं! घर वाटेत दासगावच्या अलीकडे आणि हा पुढे वीरला कशाला जाईल?

मी मिशीवरून हात फिरवला. या मिशीला घाबरून रायगड जिल्ह्यातल्या निम्म्या चोरांनी धंदा सोडला होता. उरलेले निम्मे आजारी होते.

"मुखवटा कुठे आहे?"

"विकला, साहेब."

"कोणाला?"

"महाडात... नाय, मुंबईला."

"अरे, सातला पाळी सुटली, दहाला तू वाडीत. मुंबईला कधी गेलास? विमानानं?"

"साहेब म्हणतील तसं," तो म्हणाला. समोर ठेवलेला चहा त्याने उचलला आणि निम्मा माझ्या टेबलावर सांडला. डोळे उघडे, पण आत कोणी नव्हतं.

हवालदार कानाशी लागले, "कबूल झालाच आहे. रात्रभर जागा ठेवू, सकाळी गिऱ्हाइकाचं नावही सांगेल."

ही आमची जुनी रीत. मीही ती कितीदा वापरली होती. पण दारात उभ्या त्याच्या बायकोनं ते ऐकलं. ती म्हणाली, "साहेब, जागा काय ठेवताव? आठ दिस जागाच हाय तो! कंपनीतली निम्मी माणसं शिमग्याला गावी गेली. गणपतीत त्यांनी ह्याची पाळी केली, आता हा सगळ्यांची करतो. नाय म्हणायला जीभच नाय ह्याला. परवा पोरीला माझ्या नावानं हाक मारलान्. जिन्यावरून पडला. भाकरी समोर ठेवली तर रडतो."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना बोलावलं. रक्तदाबाचा आकडा बघून त्या माझ्यावरच डाफरल्या, "याला काय विचारता? झोप नसली की प्रेशर चढतं, तोल जातो, आठवणीची भेळ होते. असा माणूस तुम्ही म्हणाल ते कबूल करेल. आधी झोपू द्या."

गावकीला मी सांगितलं, "आरोपीची विशेष चौकशी चालू आहे. उद्या या." आणि मागच्या खोलीतल्या बाकावर त्याला आडवा केला. बायको उशाशी बसली. दुपारी तीनला घोरणं सुरू झालं. नदीपलीकडे तुडीलच्या म्हशी दावी तोडून पळाल्या असं मी सांगतो. हवालदार म्हणतात, एकच म्हैस होती आणि ती पळाली नाही, नुसती उठली.

पहाटे पाचला तो उठला. चौदा तास! डोळ्यांत माणूस परत आला होता. आधी त्याने पोरीची चौकशी केली, मग घड्याळ बघितलं. "साहेब, सातची पाळी हाय. जाऊ?"

"वीरला कशाला गेलास ते आधी सांग."

"झोप लागली रिक्षात. थेट वीरला जाग आली."

जप्त केलेली पिशवी मी त्याच्यापुढे धरली. त्याने आतला बॉयलर सूट बाहेर काढला, उलटापालटा केला.

"हा माझा. हा लॉकरात असतो." मग पिशवीकडे बघितलं. "कंपनीनं दिवाळीला दिली. दोन हायत, सारख्याच..." आणि एकदम ताडकन उभा राहिला. "साहेब, हा हितं हाय, तर लॉकरात काय हाय?"

सोनाराकडून तो थेट दुसऱ्या पाळीला गेला होता. देवी जपून लॉकरात ठेवली, लागोपाठ दोन पाळ्या केल्या आणि सकाळी चुकीची पिशवी उचलली.

सातच्या आत गावकीला कंपनीत बोलावून पंचांसमक्ष लॉकर उघडला. जेवणाच्या डब्याला टेकून आई बसली होती, चकचकीत. गावकीच्या म्हाताऱ्यांनी तिथेच हात जोडले, आधी देवीला, मग त्याला. गावकीनं काढून घेतलेली पेटीची किल्ली त्याच्या कमरेला परत आली.

ही केस मी रंगवून रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. एक भाग मात्र रंगवत नाही. त्याची बायको बोलली नसती, तर मी हवालदारांना 'हो' म्हणणार होतो. त्याआधी कितीजणांच्या बाबतीत म्हटलंही होतं. रात्र रात्र जागवून मी कबुल्या मिळवल्या. पुढे झोप झाल्यावर त्यातल्या काहींनी जबाब फिरवले, तेव्हा मी त्यांना खोटारडे ठरवलं. त्यांच्यापैकी कोणाचा लॉकर उघडून बघायला मी गेलो नव्हतो.