माझी वाकडी रेघ

मंडळी, आज सकाळी घरात भांडण झालं, आणि ते मीच केलं.

छप्पन्नाव्या वर्षी मी जपानी ब्रशने लिहायला शिकतेय. सध्या फक्त 'एक' हा आकडा, म्हणजे नुसती आडवी रेघ. क्लासच्या मॅडमनी बजावलंय, ब्रश उचलला की संपलं. रेघ कशीही येवो, पुन्हा गिरवायची नाही.

आज पहिल्यांदा मनासारखी आली. मध्ये जरा थरथरली होती, पण जिवंत होती. वाळत ठेवून मी कॉफी करायला गेले. परत येते तर अण्णांच्या, माझ्या मोठ्या भावाच्या, हातात माझाच ब्रश! जन्मभर बेळगोळच्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढली त्यांनी, वाकडी रेघ बघवते कुठे? कडा भरून सरळ करून टाकली.

"बघ, आता कशी नीट दिसते."

"अण्णा, ती माझी होती!"

"अय्यो, एका रेघेसाठी एवढं?"

हो, एवढं! कागद फाडला, त्यांच्यासमोरच बसून नवी रेघ ओढली. आधीपेक्षा वाकडी आली. हॉलमध्ये लावलीय, बरोबर त्यांच्या खुर्चीसमोर.

तुमच्या घरी कोण आहे हो, न विचारता तुम्हाला सरळ करणारं?