मामांचं कडेचं बघणं

माझ्या मामेसासऱ्यांइतका कडेकडेने बघणारा माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आम्ही डोंबिवलीला त्यांच्याच घरात राहत होतो. मामी माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. मामा कुणाशीही बोलताना त्याच्या कानापलीकडे, खांद्याच्या जरा वर बघत. दूधवाला बिचारा सारखा मागे वळून पाही, आणि शेवटी तो दूध फाटकाशीच ठेवून पळू लागला. ही सवय मामांना दुर्बिणीने लावली होती. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठूनशी भिंगं आणून पत्र्याच्या नळीत बसवली आणि नळी परसात तिवईवर मांडली. त्यांना चंद्र नको, शनी नको. फक्त तेजोमेघ हवेत, आणि तेही ग्रहासारखे गोल दिसणारे. "तारा म्हातारा झाला की अंगावरची शाल सोडतो, ती अशी पसरत जाते," असं ते रोज जेवताना सांगत. स्वरमंडळ नावाच्या तारकापुंजात वलय, जंबुकात डमरू, सप्तर्षींत घुबड, अशी त्या मेघांची नावं. घुबड त्यांच्या एवढ्याशा दुर्बिणीत येत नसे. "आपल्याला दिसत नाही, पण ते बघतंय," असं घास हातात धरून ते म्हणाले की माझ्या अंगावर काटा येई. हे म्हणत, "मामा, ही घाबरते हो." त्यावर मामा माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणत, "घाबरू दे की. खोटं का आहे ते?"

एका वर्षी त्यांना मोतीबिंदू झाला. ठाण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण मामा हटून बसले. "आंधळे व्हाल अशाने!" म्हणून हे ओरडले, तरी ऐकेनात. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी मला परसात बोलावलं. स्वरमंडळातला अभिजित तारा मावळतीकडे उतरला होता. "सूनबाई, वलय दिसतं का सांग. ते तिथे आहे, की माझ्या डोळ्यातला डाग आहे, एवढं मला कळलं पाहिजे." ह्यांना आणि शेजाऱ्यांना डोळे फाडून बघूनही तिथे कधी काही दिसलं नव्हतं. मी तर त्यांच्यासमोर कधी नजर वर केली नव्हती. दुर्बिणीला डोळा लावला तरी ती आपली खालीच राहिली, आणि नजरेच्या कडेला एक राखाडी वलय उमटलं. ओला पेला उचलल्यावर फरशीवर राहतं तसं. सरळ बघितलं, तर गेलं. नजर खाली केली, तर परत आलं. मी बघायची थांबते कधी, याचीच कुणी वाट बघत असावं तसं.

"आहे," मी म्हटलं. "मधे काळं, भोवती धुरकट." त्यांच्याशी मोकळेपणी बोललेले माझे ते पहिले शब्द.

मामा खाली पायरीवर बसले. "मग मागच्या दारात तुझी मामी उभी असते, तीही डाग नव्हे. डाग असता तर ऑपरेशनात तिलाच काढून टाकलं असतं गं. म्हणून नको म्हणत होतो."

मी दाराकडे पाहिलं. तिथे कंदिलाचा उजेड होता, बाकी कुणी नव्हतं. पण मी बोलले नाही, आणि मामा ऑपरेशनला तयार झाले.

ते चांगलं झालं. जाडजूड चष्मा आला. चष्मा काढून दुर्बिणीतून त्यांनी वलय पाहिलं, लहान मुलासारखे हसले. मग चष्मा लावून मागच्या दाराकडे तोंड करून जेवणवेळेपर्यंत बसून राहिले. मान तिरकी करून बघत, पुन्हा सरळ करत. शेवटी म्हणाले, "या काचांतून मधलं सगळं लख्ख दिसतं, पण कडेचं काहीच दिसत नाही. तू बघून सांगत जा."

त्या दिवसापासून पानं मांडायच्या आधी ते रोज विचारत, "आहे का गं?" मी नजर खाली ठेवून "आहेत" म्हणायची, आणि मामा निवांत जेवायला बसायचे. दोन वर्षांनी ते गेले, तोवर हे एकदाही चुकलं नाही. ह्यांनासुद्धा मी यातलं काही सांगितलेलं नाही. सुरुवातीला मी खोटं बोलत होते.