काच बसवणारा बाप

आमचे हे काचा बसवतात. लेकीनं कुणाची खिडकी फोडली की हे ना ओरडायचे, ना कारण विचारायचे. मुकाट्यानं टेप घेऊन माप घ्यायला जायचे. संध्याकाळपर्यंत नवी काच हजर. मीही म्हणायचे, चला, बोभाटा टळला! आता गल्लीतल्या अकरा खिडक्यांच्या पुट्टीत यांच्या अंगठ्याचे ठसे आहेत, आणि प्रत्येक काचेतून तीच माझ्याकडे बघतेय असं वाटतं.

तेराव्या वर्षी तिनं वर्गातल्या मुलीचं डोकं फोडलं. ते कुठून बदलून देणार, कपाळ?

सुधारगृहात भेटायला गेलो, तर भेटीच्या खोलीतली खिडकी तिनंच फोडलेली. यांचा हात सवयीनं टेपकडे गेला.

"बाबा, आधी माझ्याकडे बघ ना."

यांनी आकडे सांगितले. मी ते लिहून घेतले.