बहिऱ्याला काय करायची गाणी

गुरुलिंग घरात असतानाच चोरी झाली. त्याला सोसवेना ते हेच.

१९३४ सालचा वैशाख. रविवार, गिरणीला सुट्टी. बायको महानंदा लेकीला घेऊन सिद्धेश्वराच्या देवळात गेली होती. गुरुलिंग दाराकडे पाठ करून ग्रामोफोनची सुई बदलत होता. मागच्या फळीवर तबकड्यांचं पुस्तक होतं. जाड पुठ्ठ्याचं, तांबड्या कापडाने बांधलेलं, आठ खिशांचं. खिशाखिशात एकेक तबकडी. सुई बसवून तो वळला, तर फळी रिकामी. कुणीतरी दारातून आत आलं, चार पावलं चाललं, पुस्तक उचललं आणि गेलं. त्याला चाहूलही लागली नाही.

लागणार कशी? बावीस वर्षं तो गिरणीत विणकर होता. शेकडो माग एकदम धडधडतात तिथे. त्या आवाजाने त्याचे कान खाल्ले होते. आधी पाखरं गेली, मग लेकीचं बोलणं गेलं. बायकांच्या आवाजातल्या तबकड्या त्याने आपणहून वाटून टाकल्या. उरल्या या आठ. भरदार, खर्जातल्या गवयांच्या. कर्ण्यात डोकं घातलं की त्या अजून ऐकू येत, कारण त्यांतली तान न् तान त्याला पाठ होती. नवं गाणं म्हणजे त्याला नुसती घरघर. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं होतं, फार तर दोन वर्षं. तेवढ्यात ऐकून घ्यायचं, एवढाच त्याचा हिशेब होता.

त्याचा तरुण शेजारी शिवपुत्र नुकताच बी. ए. झाला होता. त्याने अर्ज लिहिला. दोघं चौकीवर गेले. हवालदार अर्ज वाचून हसला.

"गाणीच गेली न्हवं? भांडी हायत की घरात!"

शिवपुत्राने वाटेत ते सांगायचं टाळलं. पण गुरुलिंगाला सांगायची गरज नव्हती. मागांच्या गदारोळात विणकर ओठांवरून बोलणं ओळखतात. पाच माग पलीकडचा काय चेष्टा करतोय, ते बघून हसतात. गिरणीबाहेर हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

बसवराजाला ठाऊक नव्हतं. तो कापडाच्या दुकानात गुमास्ता. दर रविवारी गाणी ऐकायला यायचा, चहा प्यायचा, "अण्णा, अण्णा" करायचा. चोरीनंतर समजूत घालायला पहिला तोच आला होता.

आठ दिवसांनी गुरुलिंग न्हाव्यापुढे बसला होता. शिवपुत्र शेजारी खोळंबला होता. रस्त्यापलीकडे दुकानाच्या पायरीवर बसवराज एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. बोलता बोलता त्याने गुरुलिंगाला हात जोडून नमस्कार केला, आणि तसाच हसत पुढे बोलला. गुरुलिंग अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उठला. थेट त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"तबकड्या नाटकवाल्यांना दिल्यास व्हय रं?"

बसवराजाचा चेहरा उतरला. "कोन म्हनलं, अण्णा?"

"तूच की! आत्ता! 'तबकड्या नाटकवाल्यांना दिल्या. ते गेले हुबळीला. बहिऱ्याला काय करायची गाणी.' तुज्याच थोबाडानं म्हनलास!"

मागोमाग धावत आलेला शिवपुत्र जागीच थबकला. रस्ता चांगला वीस पावलांचा होता. त्याला स्वतःला अवाक्षर ऐकू आलं नव्हतं.

गुरुलिंग दुकानात शिरला. गल्ल्याशेजारी तांबडं पुस्तक उघडं पडलं होतं. खिसे फाडून टाकलेले. पानापानावर धोतरांचे, लुगड्यांचे नमुने खळीने चिकटवलेले. गिऱ्हाइकांना दाखवायला. त्याने पुस्तकाला हात लावला नाही.

"चुकलं, अण्णा," बसवराज त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाला. "कान गेल्यावर तुमाला काय उपेग, असं वाटलं. नव्या आनून देतो की. लई चांगल्या मिळत्यात."

"नव्या?" गुरुलिंगाचा आवाज फाटला. "नव्या मला ऐकू येत न्हाईत, मुडद्या! त्याच आठ येत हुत्या! माज्या घरचा चा पिऊन तुला एवडं कळलं न्हाय?"

दारात माणसं जमली.

"हितं पायरीवर उभा ऱ्हा. काय केलंस ते सांग. मोठ्यानं."

बसवराजाने मालकाकडे पाहिलं. मालकाने मान फिरवली. तो पायरीवर उभा राहिला आणि पुटपुटला.

गुरुलिंगाने डोळे गच्च मिटून घेतले होते. "न्हाय आलं ऐकू."

"अण्णांची गाणी म्या चोरली!"

"न्हाय आलं."

बसवराज घसा फाडून ओरडला. पलीकडचा तांबोळी पान लावता लावता थांबला. टांगेवाल्याने घोडं आवरलं. शिवपुत्राने गुरुलिंगाच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्या बाजाराने ऐकलं, हे त्याला सांगायचं होतं.

गुरुलिंगाने तो हात झटकला. डोळे उघडले नाहीत. गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता.

"पुन्ना," तो म्हणाला.